शाप कनानला, शिक्षा कुणाला?

नोहाची गोष्ट बहुतेकांना तारवापर्यंतच माहीत असते. चाळीस दिवसांचा पाऊस, तारवात घेतलेली प्राण्यांची जोडपी, चोचीत जैतुनाचं पान घेऊन परतलेलं कबुतर आणि शेवटी ढगांतलं इंद्रधनुष्य. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. हिब्रू शास्त्रातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात मात्र ती पुढे जाते, आणि पुढचा भाग मुलांना सांगण्यासारखा नाही.

पूर ओसरल्यावर नोहाने शेती धरली आणि द्राक्षमळा लावला. एकदा द्राक्षारस पिऊन तो आपल्या तंबूत उघडाच पडला. कनानचा बाप हाम याने वडिलांची नग्नता पाहिली आणि बाहेर येऊन शेम आणि याफेथ या भावांना सांगितली. त्या दोघांनी एक वस्त्र खांद्यांवर घेतलं, उलट्या पावलांनी ते आत गेले आणि तोंडं फिरवलेलीच ठेवून त्यांनी बापाला झाकलं. नशा उतरल्यावर धाकट्या मुलाने आपल्याला काय केलं हे नोहाला कळलं आणि त्याने शाप दिला. तो शाप हामला नव्हता. कनान आपल्या भावांचा दासानुदास होवो, असं तो म्हणाला. म्हणजे शाप पडला नातवावर.

सगळा प्रसंग अवघ्या आठ वचनांचा. पण त्यात एकही गोष्ट धड उलगडत नाही. नुसतं पाहणं हा एवढा मोठा गुन्हा कसा? झोपलेल्या नोहाला तो कळला कसा? मुलांचा क्रम सगळीकडे शेम, हाम, याफेथ असा येतो, मग मधल्या हामला धाकटा का म्हटलं? आणि अपराध बापाचा असताना शाप पोराला का? आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पुराच्या संपूर्ण कथेत नोहा एक शब्दही बोलत नाही. देव सांगतो, तो करतो. त्याच्या तोंडी आलेले पहिले आणि शेवटचे शब्द म्हणजे हा शाप आणि त्यापाठोपाठ इतर दोन मुलांना दिलेले आशीर्वाद.

गोष्टीत जिथे जिथे मोकळी जागा राहिली, तिथे वाचणाऱ्यांनी काही ना काही भरलं. त्यांतली काही भर निव्वळ अभ्यासकांच्या वादापुरती राहिली. काही भर लाखो माणसांच्या जिवावर बेतली.

हामने केलं तरी काय?

सर्वांत साधं उत्तर म्हणजे हामने बापाची अब्रू राखली नाही. झाकायचं सोडून त्याने ते चारचौघांत सांगितलं. आजच्या वाचकाला हा अपराध किरकोळ वाटेल, पण त्या काळच्या पश्चिम आशियात तो तसा नव्हता. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित या प्राचीन नगरातल्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या आकहातच्या कथेत चांगल्या मुलाच्या कर्तव्यांची यादी आहे. बाप मद्याने झिंगला की त्याचा हात धरणं, त्याला आधार देऊन घरी आणणं, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. शेम आणि याफेथ यांनी जे केलं ते याच रीतीला धरून होतं.

पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याने एक तपशील वाढवला: हाम हसला. मूळ मजकुरात हसण्याचा उल्लेख नाही. पण हे हसू पुढे इतकं रुळलं की सोळाव्या शतकात व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लिनीने काढलेल्या चित्रात ते अगदी मधोमध दिसतं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा आडवा पडला आहे, दोन भाऊ नजर चुकवून वस्त्र ओढताहेत आणि त्यांच्यामध्ये हाम दात काढून हसतो आहे. चित्र पाहणाऱ्याला वाटावं की शास्त्रात असंच लिहिलेलं असणार.

बाबिलोनच्या ज्यू धर्मपंडितांना नुसतं पाहणं किंवा हसणं पुरेसं वाटलं नाही. ‘काय केलं’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं: काहीतरी प्रत्यक्ष कृती घडली असली पाहिजे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या सान्हेद्रिन या भागात रव आणि श्मुएल या तिसऱ्या शतकातल्या दोन पंडितांचा वाद नोंदवला आहे. एकाच्या मते हामने बापाचं पुरुषत्व छाटलं, दुसऱ्याच्या मते त्याने बापावर लैंगिक अत्याचार केला. पहिल्या मताला आधार असा: हाम चार मुलांचा बाप, पण नोहाला पुरानंतर चौथा मुलगा झाला नाही. तो होऊ दिला नाही म्हणून नोहाने हामच्या चौथ्या मुलाला, कनानला, शापलं. पुरावा म्हणून हे फारसं टिकत नाही, पण शाप कनानलाच का, याचं उत्तर त्यातून मिळतं आणि त्या पंडितांना तेच हवं होतं.

विसाव्या शतकात आणखी एक अर्थ पुढे आला. ‘लेवीय’ या पुस्तकातल्या नियमांत बापाच्या बायकोची नग्नता ही बापाचीच नग्नता मानली आहे. तो धागा धरून फ्रेडरिक बॅसेट यांनी १९७१ मध्ये आणि जॉन बर्गस्मा व स्कॉट हान यांनी २००५ मध्ये मांडलं की हामचा अपराध आईशी संबंधाचा होता आणि कनान त्यातूनच जन्मला. तसं मानलं तर कनानवरच्या शापाचा उलगडा होतो. शिवाय याच पुस्तकात पुढे लोटाच्या मुली बापाला द्राक्षारस पाजून त्याच्यापासून मुलं मिळवतात आणि त्या मुलांपासून मवाब आणि अम्मोन ही शेजारची राष्ट्रं निघाली असं सांगितलं आहे. दोन्ही गोष्टींचा साचा मिळताजुळता आहे. तरी एक अडचण उरतेच. भावांनी खांद्यांवरून नेलेलं ते खरंखुरं वस्त्र आणि फिरवलेली तोंडं या अर्थात बसत नाहीत.

शाप कनानलाच का?

मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकावरचं एक भाष्य मिळालं. त्यात उत्तर एका वाक्यात आहे: देवाने नोहाच्या मुलांना आधीच आशीर्वाद दिला होता, म्हणून नोहाने हामला शाप दिला नाही. देवाने ज्याला आशीर्वाद दिला त्याला माणूस शापणार कसा? उत्पत्तीवरच्या जुन्या ज्यू भाष्यसंग्रहात हेच मत रब्बी यहूदाच्या नावावर आहे. तिथेच रब्बी नेहेम्या म्हणतो की आजोबांना तशा अवस्थेत आधी कनानने पाहिलं आणि त्यानेच बाहेर सांगितलं.

आधुनिक बायबल-अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. त्यांतल्या अनेकांच्या मते इथे दोन परंपरांची सांगड घातलेली आहे. एका परंपरेत नोहाचे मुलगे शेम, याफेथ आणि कनान असावेत. तसं असेल तर धाकटा मुलगा कोण आणि शाप कुणाला, ही दोन्ही कोडी एकदमच सुटतात. ‘हाम, कनानचा बाप’ ही पुन्हा पुन्हा येणारी ओळख म्हणजे दोन परंपरांमधला सांधा. आणि कनानच का, याचं उत्तर इतिहासात आहे. इस्राएली लोकांनी जो मुलूख आपला म्हटला तो कनान देश. तिथल्या मूळ रहिवाशांना दास ठरवणारी गोष्ट जिंकणाऱ्याला सोयीची होती. माझ्या मते कोड्याचा हा सर्वांत पटणारा उलगडा आहे. घरातल्या भांडणाच्या रूपात इथे जमिनीवरचा हक्क सांगितला आहे.

रंग आला कुठून?

पुढे याच शापात काळ्या लोकांच्या गुलामीचं कारण शोधलं गेलं. पण मूळ कथेत कातडीच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. पुढच्याच अध्यायात हामचे चार मुलगे दिले आहेत: कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश, काळ्या लोकांचा मुलूख. शाप त्याच्यावर नाही. उलट पुरानंतरचा पहिला पराक्रमी राजा निम्रोद हा कूशचाच मुलगा. बाराव्या शतकातला स्पेनमधला ज्यू भाष्यकार अब्राहाम इब्न एज्रा याने नेमकं हेच दाखवून दिलं: नोहाच्या शापामुळे काळे लोक गुलाम झाले म्हणणारे विसरतात की पुरानंतरचा पहिला राजा कूशच्याच वंशातला होता.

त्याला हे लिहावं लागलं, यावरून तोवर ही समजूत किती पसरली होती हे कळतं. तालमूदमध्ये हामच्या कातडीला शिक्षा झाल्याची एक वेगळी कथा आहे, पण तिचा गुलामीशी संबंध नाही. डेव्हिड गोल्डनबर्ग यांनी २००३ मध्ये ‘हामचा शाप’ या विषयावरच्या ग्रंथात ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी साधनं तपासून दाखवलं की काळा रंग आणि दास्य यांची गाठ सातव्या शतकानंतर घट्ट झाली. पश्चिम आशियाच्या बाजारांत आफ्रिकेतले गुलाम मोठ्या संख्येने येऊ लागले होते. गुलाम आधी आले, त्यांच्या गुलामीचं कारण शास्त्रात मागाहून शोधलं गेलं. ट्यूनिसमध्ये जन्मलेला इतिहासकार इब्न खल्दून याने १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त याचं स्पष्ट खंडन केलं. तौरातमध्ये, म्हणजे ज्यूंच्या शास्त्रात, रंगाचा उल्लेखच नाही, रंग उष्ण हवामानामुळे येतो, असं तो म्हणतो.

पण व्यापाराला खंडन नको होतं, समर्थन हवं होतं. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात उतरवलेल्या २३५ आफ्रिकी बंदिवानांची वाटणी वर्णन करणारा दरबारी बखरकार झुरारा याने पुरानंतरच्या या शापाचा आधार घेतला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या धर्मोपदेशकांनी तो व्यासपीठावरून सांगितला. गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात काळ्या माणसाच्या दास्याचं समर्थन करताना कनानवरच्या शापाचा हवाला दिला.

गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात या युक्तिवादाची मुळंच उपटली. हामच्या वंशजांनाच गुलाम करायची शास्त्राची आज्ञा असेल, तर दक्षिणेतली गुलामगिरी लवकरच शास्त्राबाहेर जाईल, असं त्याने दाखवलं. कारण दरवर्षी तिथे हजारो गुलाम गोऱ्या बापांच्या पोटी जन्माला येत होते. आपला बापही गोरा होता, बहुधा मालकच, हे त्याने त्याच प्रकरणात सांगितलं आहे.

शाप उलटा फिरला, तरीही

१७९८ मध्ये नेपोलियनची मोहीम इजिप्तला पोहोचली आणि तिथल्या संस्कृतीचं वैभव युरोपला दिसलं. पण बायबलनुसार मिस्राईम, म्हणजे इजिप्त, हामचा मुलगा. एवढं मोठं काम शापित काळ्या वंशाचं कसं मानायचं? मग हामच्या वंशजांना गोऱ्यांत घेतलं गेलं. त्याआधी १७९२ मध्ये भाषापंडित विल्यम जोन्सने कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जगातल्या लोकांची तीन भावांत विभागणी मांडली होती, आणि त्यात भारतीयांना हामच्या वंशात घातलं होतं. तिथेही या वंशाला हीन लेखलेलं नव्हतं.

नाईलचा उगम शोधणाऱ्या जॉन स्पीकने १८६३ मध्ये लिहिलं की मध्य आफ्रिकेतली राजघराणी इथिओपियाकडून आलेल्या वरच्या वंशाची आहेत. हा ‘हामी’ सिद्धान्त रवांडातल्या तुत्सी लोकांना लावला गेला. बेल्जियमच्या अमलात १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी असे शिक्के बसले. आधी तुत्सींना ‘वरचे’ म्हणून पदं मिळाली. पुढे तेच ‘परके’ ठरले. नोव्हेंबर १९९२ मध्ये लिओं मुगेसेरा या पुढाऱ्याने जाहीर भाषणात तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत धाडायची भाषा केली. १९९४ मध्ये अवघ्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली आणि असंख्य प्रेतं खरोखरच नद्यांतून वाहत गेली. हत्याकांडाची कारणं अनेक होती: सत्ता, जमीन, यादवी युद्ध. पण कोण इथला आणि कोण परका हे ठरवणाऱ्या कल्पनेचा उगम नोहाच्या तीन मुलांच्या यादीत होता.

आपल्याकडचा एक वाचक

अमेरिकेतली गुलामगिरीविरुद्धची लढाई महाराष्ट्रातला एक माणूस लक्षपूर्वक पाहत होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्या पुस्तकात त्यांनी अवतारकथा वाचल्या त्या जिंकणाऱ्यांनी रचलेल्या कथा म्हणून. वामनाने बळीला पाताळात घातलं हा देवाचा पराक्रम न मानता तो एका न्यायी राजाचा पराभव मानला. पाडव्याला बळीचं राज्य येवो असं म्हणणाऱ्या मराठी बायकांच्या तोंडी त्या राजाची आठवण टिकून आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. कनानच्या शापाकडे आजचे अभ्यासक ज्या नजरेने पाहतात, ती नजर फुल्यांकडे दीडशे वर्षांपूर्वी होती: ज्याला शाप मिळाला, त्याची जमीन कुणाला मिळाली?

धर्मग्रंथ टाकून द्यावेत, असं मला म्हणायचं नाही. उलट ते नीट, शब्दन् शब्द वाचावेत, असंच नोहाची गोष्ट सांगते. इब्न एज्रा श्रद्धाळू होता, इब्न खल्दूनही. डग्लस बायबल वाचणारा ख्रिस्ती होता. तिघांनीही शास्त्राला हात न लावता शास्त्राच्या नावावर चाललेला अन्याय उघडा पाडला, आणि त्यासाठी त्यांना ग्रंथाबाहेर फार जावं लागलं नाही. मजकुरात हामवर शाप नाही, रंगाचा उल्लेख नाही आणि शाप देणारा देव नाही. नशेतून जागा झालेला एक संतापलेला बाप बोलतो आहे, आणि देवाने त्याला दुजोरा दिल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. एखाद्या माणसाचं हीनपण ‘शास्त्रात आहे’ असं कुणी सांगू लागलं, तर त्याला पान उघडून ते वाक्य दाखवायला सांगावं. नोहाच्या गोष्टीपुरतं तरी ते वाक्य कुणालाही दाखवता येणार नाही.