विडीच्या कट्ट्यावरील छाप

अर्जुनी मोरगावच्या जंगलात उन्हाळ्यात खुडलेली तेंदूपाने 70-70च्या पुड्यांत बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, दिली जातात, तेव्हा त्यांच्यावर कोणाचेही नाव नसते. या पानांत तंबाखू वळून विड्यांचा कट्टा बांधला गेल्यावरही एका कारखान्याचा माल दुसऱ्याहून वेगळा ओळखणे नजरेला जवळजवळ अशक्यच असते; म्हणूनच कट्ट्याभोवतीचा पातळ रंगीत कागद, म्हणजे छाप, हीच मालाची ओळख ठरली. गोंदियात भरभराटीला आलेल्या या उद्योगाच्या ग्राहकांत निरक्षरांचा वर्ग मोठा होता, त्यामुळे प्राणी, देवता किंवा ठळक आकडा असे एकच चित्र मोजक्या भडक रंगांत मधोमध छापले जाई. बोधचिन्ह, म्हणजे व्यवसायाची ओळख पटवणारी आकृती, कशी असावी याचा इतका चोख वस्तुपाठ क्वचितच सापडेल.

अशा चिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली की 1999च्या कायद्यानुसार ते वापरण्याचा अनन्य हक्क 10 वर्षांसाठी मालकाला मिळतो व पुढे त्याचे नूतनीकरण करता येते. मात्र चिन्हाची सामाजिक मान्यता कायद्याच्या हाती नसते: शिवप्रेमींच्या तीव्र विरोधानंतर पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीला ‘संभाजी विडी’ हे दशकानुदशके रुळलेले नाव सोडून ‘साबळे विडी’ हे नाव घ्यावे लागले, आणि ते योग्यच झाले.

2016पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा आरोग्यविषयक इशाऱ्यासाठी राखला गेल्याने छापेला आता उरलेल्या पट्टीतच आपली ओळख टिकवावी लागते.