जिन्यापाशी अडलेला सहभाग

आपल्या इंदूरला 2017 पासून सलग सात वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर हा मान मिळाला. त्यात देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाचा उल्लेख नेहमी होतो. 19 फेब्रुवारी 2022 रोजी त्याचे उद्घाटन झाले. रोज 550 टन ओला कचरा पचविण्याची त्याची क्षमता आहे. पण त्या यंत्राला निवडलेला कचरा लागतो, आणि ही निवड तुमच्या-आमच्या ओट्याशी होते. दिवसभर घरात कोण असते? गुडघे धरलेली आजी, पक्षाघातानंतर काठी घेऊन चालणारे काका, व्हीलचेअरवरची लेक. घरातल्या कचऱ्यावर त्यांचीच नजर असते. कंपोस्टच्या, सौर चुलीच्या कार्यशाळेत मात्र नेमकी हीच माणसे दिसत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीचेच सांगतो. ताई वॉकर घेऊन चालते. एका कार्यशाळेला मी तिला हौसेने नेले. खत करण्याचे प्रात्यक्षिक गच्चीवर होते. आयोजकांनी आदराने तिला खाली खुर्ची दिली, चहा दिला आणि तीन तासांनी प्रमाणपत्रही दिले. परतताना ती म्हणाली, "दादा, मी लग्नाला गेले होते की काय? जेवले, बसले, आले." त्या दिवशी मला कळले की मान देणे आणि सहभागी करून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताई काही एकटी नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांत हालचालीची अडचण असलेले 54 लाखांहून अधिक होते. वयोमानाने जिना सुटलेले कित्येक वृद्ध तर या नोंदीत येतच नाहीत. दिव्यांगजनांच्या हक्कांचा 2016 चा कायदा समाजजीवनात पूर्ण सहभागाची भाषा करतो. तो सहभाग आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात कसा आणायचा, एवढेच इथे पाहू.

पहिली गोष्ट जागेची. तळमजला निवडा. एकच पायरी असेल तर उताराची फळी लावा. पण उंचीच्या बारापट लांबी हवी. 15 सेंटिमीटरच्या पायरीला 1 मीटर 80 सेंटिमीटरचा उतार लागतो. घाईत टाकलेली आखूड फळी पायरीपेक्षाही धोक्याची. व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा ठेवा. स्वच्छतागृह कुठे आहे ते निमंत्रणातच सांगा. ते ठाऊक नसले की वयस्कर माणसे सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मी दवाखान्यात रोज ऐकतो.

दुसरी गोष्ट उंचीची आणि वजनाची. खताची बादली जमिनीवर ठेवली की वाकणे आले. ती साधारण 75 सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवा, खाली गुडघे जातील अशी जागा सोडा. वीस लिटरची एक बादली भरण्याऐवजी पाच लिटरचे चार डबे करा. खुरप्याच्या मुठीला जुने कापड गुंडाळून ती जाड केली की सांधे दुखणाऱ्या हातालाही पकड येते. सौरपेटी गच्चीवरच हवी असेही नाही. ऊन टिकणाऱ्या गॅलरीत, टेबलावर ती चालते. तीन तासांची एक बैठक नको, चाळीस मिनिटांच्या दोन घ्या. आणि दमा असणाऱ्यांसमोर कोरडे खत उधळू नका. ते आधी थोडे ओलसर करा, खिडक्या उघडा, मास्क द्या.

तिसरी गोष्ट निर्णयाची, आणि खरी मेख इथेच आहे. आम्हा जैनांत कर्माचे तीन प्रकार सांगतात: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि ज्याला मनापासून संमती दिली ते. तिन्हींची जबाबदारी करणाऱ्यावर येते. पापाला हा हिशेब लागू होतो, तसा सत्कार्यालाही. ज्याला डबा उचलता येत नाही, तो डब्यातली ओल पारखू शकतो: मूठभर मिश्रण दाबले आणि एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर वाळका पाला वाढवा. वास आंबट आला तर हवा कमी पडते आहे, मिश्रण हलवा. हे ठरविणारा माणूस बघ्या राहत नाही. ज्याचे हात चालत नाहीत, तो तारखांची वही सांभाळून दुसऱ्याकडून नोंद करवून घेऊ शकतो.

चौथी गोष्ट अगदी सोपी. जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे कार्यशाळा न्या. सनावदियात पद्मश्री जनक पलटा मगिलिगन यांच्याकडे माणसे सौर स्वयंपाक शिकायला जातात, ते प्रत्यक्ष पाहण्यासाठी. तसे पाहणे एखाद्या घराच्या ओसरीवरही होऊ शकते. चार शेजारी पुरेत.

आम्ही तेच केले. आता दर रविवारी गल्लीतली तीन घरे ताईच्या खोलीत आपले डबे आणतात. ती झाकण उघडते, वास घेते आणि सांगते. परवा एका शेजाऱ्यावर ती चक्क रागावली, पाला न घातल्याबद्दल. तो निमूटपणे खाली पाला आणायला गेला.

तेव्हा वाचकहो, आपल्या मंडळाची पुढची कार्यशाळा ठरेल तेव्हा 'कोण कोण येणार?' या प्रश्नाआधी 'कोणाला येता येणार नाही, आणि का?' हे विचारा. उत्तर बहुधा तुमच्याच घरातल्या आतल्या खोलीतून येईल.