वॉटर पार्कमधून संशोधन-प्रश्न कसा काढायचा?



पेट, नेट, सेट झाली की पुढचा डोंगर एकच: ‘विषय काय घेऊ?’ मग आपण ‘विदर्भातील पाण्याची गुणवत्ता : एक अभ्यास’ असं काहीतरी लिहून समितीसमोर उभे राहतो आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘म्हणजे नेमकं काय मोजणार?’ तिथे दातखीळ बसते. आज आपण एक साधा विषय घेऊ आणि त्यातून मोजता येईल असा प्रश्न कसा काढतात ते पायरीपायरीने बघू. विषय आहे वॉटर पार्क. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आपल्या वऱ्हाडात सुट्टीतली सहल म्हणजे चिखलदरा, सालबर्डी, नाहीतर शेगाव. आता त्यात वॉटर पार्कची भर पडली आहे. अमेरिकेत ऑर्लँडोला १९७७ मध्ये सुरू झालेलं ‘वेट एन वाइल्ड’ हे या प्रकारातलं पहिलं मोठं पार्क मानलं जातं. मुंबईच्या गोराईत ‘वॉटर किंगडम’ १९९८ मध्ये आलं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पोट्टे घसरगुंडीवर, बाबा लाटांच्या तलावात, आई रेन डान्सला आणि आजी सावलीत पिशव्या सांभाळत, हे चित्र आपल्याकडेही दिसतं. आता या चित्राकडे संशोधक म्हणून बघा.

पायरी १ : मत वेगळं, प्रश्न वेगळा

‘पाण्याची एवढी टंचाई असताना वॉटर पार्क हवंच कशाला?’ हे मत झालं. ते बरोबर असेल, चूक असेल, पण त्यावर प्रबंध होत नाही. याचाच मोजता येणारा प्रश्न असा: ‘एका पर्यटकामागे एका दिवसात किती लिटर पाणी खर्च होतं, आणि ते कुठे जातं?’

बऱ्याच जणांना वाटतं की तलावातलं पाणी रोज बदलतात. तसं नसतं. तेच पाणी फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात. खर्च होतं ते बाष्पीभवनाने उडालेलं, अंगाबरोबर आणि उडून बाहेर गेलेलं, गळालेलं आणि फिल्टर धुताना टाकलेलं पाणी. शॉवरचं पाणी वेगळं. झाला तुमचा जल-ताळेबंद: आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं पाणी म्हणजे साठ्यातला बदल.

पायरी २ : आधी कागदावर अंदाज

प्रयोगशाळेत जाण्याआधी पाठकोरा कागद घ्या. समजा तलावाचं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर आणि सरासरी खोली १.२ मीटर आहे. कृषी हवामान वेधशाळेत बाष्पीभवन मोजायला एक गोल उघडं भांडं असतं, त्याला पॅन म्हणतात. लहान भांडं जास्त तापतं, म्हणून मोठ्या जलाशयासाठी त्याचं माप साधारण ०.७ ने गुणतात. समजा मे महिन्यात पॅनवर दिवसाला १४ मिलिमीटर दिसलं, तर तलावासाठी सुमारे १० मिलिमीटर धरू.

५०० × ०.०१० = ५ घनमीटर, म्हणजे रोज ५,००० लिटर फक्त उडून गेलं.

हा आकडा मोठा की लहान? आकड्याला सोबती दिल्याशिवाय कळत नाही. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे हे सुमारे ९० माणसांचं पाणी झालं. पण त्या दिवशी ५०० लोक आले असतील तर एका पर्यटकामागे १० लिटरच झाले. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, तरी अर्थ वेगळा निघतो. म्हणून छेदात काय घेतलं ते प्रबंधात स्पष्ट लिहायचं. बातमीत नुसतं ‘हजारो लिटर पाणी वाया’ चालतं, आपल्याकडे चालत नाही.

आणखी एक बघा. रेन डान्समध्ये पाण्याचे बारीक थेंब होतात, हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि पाणी जास्त उडतं. संथ वाहणाऱ्या ‘लेझी रिव्हर’मध्ये तेवढं उडत नाही. म्हणजे करमणुकीच्या प्रकारानुसार खर्च बदलतो का, हा तुमचा उपप्रश्न.

पायरी ३ : आपल्या मातीचा प्रश्न शोधा

इथवरचा अभ्यास कुठेही होऊ शकतो. मग अकोला-अमरावतीतच का करायचा? समिती हे विचारणारच. उत्तर आहे खारपाण पट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या मोठ्या भागात भूजल खारट आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात.

आता समजा एखाद्या पार्कने १,५०० मिलिग्रॅम क्षारांचं बोअरचं पाणी भरलं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार तलावातच राहतात. रोज ५ घनमीटर भर घातली तर ९० दिवसांत ४५० घनमीटर नवं पाणी आलं आणि त्याचे सगळे क्षार ६०० घनमीटरच्या तलावात साठले. वाढ ४५० × १,५०० ÷ ६०० = १,१२५. म्हणजे हंगाम संपताना १,५०० चे २,६२५ झाले. फिल्टर धुताना थोडे क्षार बाहेर जातात, म्हणून खरा आकडा कमी येईल. पण ते बाहेर टाकलेलं पाणी गेलं कुठे? शेजारच्या काळ्या जमिनीत गेलं आणि त्यात सोडियम जास्त असलं, तर मातीचे कण सुटे होतात, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. हा प्रश्न पार्कच्या कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याचा आहे. माझ्या मते प्रबंधाचा जीव इथे आहे.

पायरी ४ : पीएच.डी.आधी पीएच

रसायनशास्त्रवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. क्लोरीन पाण्यात गेलं की हायपोक्लोरस आम्ल बनतं, जंतू मुख्यतः तेच मारतं. पीएच ७.५ ला सुमारे निम्मं क्लोरीन या कामाच्या रूपात असतं, ८.५ ला जेमतेम दहावा भाग. आणि गंमत म्हणजे घसरगुंड्या, कारंजी, धबधबे यांत पाणी घुसळलं गेलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. म्हणजे खेळच क्लोरीनची धार बोथट करतो!

‘तलावाला क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा समज तर उलटा आहे. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग बहुतेक वेळा क्लोरामाइन्समुळे असते. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की ती तयार होतात. म्हणून आत शिरण्याआधी अंघोळ करा असं सांगतात. सुती कपडे नकोत, नायलॉनचेच हवेत, यामागेही कारण आहे: सुताचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात.

बंदिस्त आणि उघडा भाग यांची तुलना इथे कामाला येते. उघड्यावर ऊन क्लोरीन भराभर तोडतं. म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात, पण ते जास्त झालं की जंतू मरण्याचा वेग मंदावतो. छताखाली ऊन नाही, पण ट्रायक्लोरामाइन वायू पाण्यावरच्या हवेत कोंडतो आणि खोकला येतो. एकीकडे पाणी तपासा, दुसरीकडे हवाही तपासा.

हे महत्त्वाचं का? लिटरला १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असताना ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी दहा दिवसांहून जास्त टिकतो. म्हणून जुलाब होत असलेल्या लेकराला तलावात उतरवू नये, पाणी कितीही निळंशार दिसलं तरी.

पायरी ५ : मोजायचं कसं?

डीपीडी चाचणीने आधी मुक्त आणि मग एकूण क्लोरीन मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन, म्हणजेच क्लोरामाइन्स. ही चाचणी जागेवरच करायची, बाटली घेऊन विद्यापीठात पोहोचेपर्यंत क्लोरीन उडालेलं असतं. जंतूंच्या नमुन्याच्या बाटलीत मात्र आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहील आणि तुमचा निकाल खोटा ‘स्वच्छ’ येईल.

नमुने सकाळी उघडताना, दुपारी आणि संध्याकाळी घ्या, रविवारी आणि मंगळवारीही घ्या. पण सावध! रविवारी गर्दी जास्त असेल आणि नेमकं ऊनही जास्त असेल, तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही. म्हणून तापमान आणि पर्यटकसंख्या रोज नोंदवा आणि बरेच आठवडे मोजा. व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी घ्या. लोकांना प्रश्नावली देणार असाल, विशेषतः मुलांबद्दल, तर नैतिकता समितीची मंजुरीही लागेल.

आता सुरुवातीचा ढोबळ विषय असा लिहून बघा: ‘खारपाण पट्ट्यातील जलक्रीडा तलावांत उन्हाळी हंगामात होणारी क्षारवाढ आणि फिल्टर धुतलेल्या पाण्याचा लगतच्या काळ्या मातीवरील परिणाम’. जागा आली, काळ आला, काय मोजणार तेही आलं. आता समितीने विचारलं तरी बोबडी वळणार नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: घरातला डेझर्ट कूलर घ्या. दिवसभरात किती लिटर पाणी पितो, टाकीतल्या पाण्याचे क्षार आठवड्यात किती वाढतात, जाळीवर पांढरा थर कधी धरतो, हे वहीत लिहा. वॉटर पार्कमध्ये होतं तेच तिथे छोट्या प्रमाणात होतं, आणि परवानगी फक्त आईची लागते. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की त्यांतून एक वाक्याचा प्रश्न लिहा. ते वाक्य जमलं, तर आराखड्याचं पहिलं पान तुम्हाला जड जाणार नाही.