टँग मासा

अस्थिमत्स्य वर्गाच्या ॲकँथ्युरिडी कुलातील, मुख्यतः प्रवाळभित्तींवर राहणारे मासे. या कुलात ६ वंश व ८० हून अधिक जाती आहेत. शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंस शस्त्रवैद्याच्या पात्यासारखा धारदार काटा असतो. म्हणून यांस सर्जन मासे असेही म्हणतात. या काट्यामुळे मासा जाळीत अडकून जखमी होतो. तो पकडताना जाळीऐवजी भांडे वापरणे बरे.

घरगुती सागरी जलजीवालयासाठी ज्यास मोठी मागणी असते व जो दगावतोही फार, तो हिंदी महासागरातील फिकट निळा टँग (ॲकँथ्युरस ल्युकोस्टर्नॉन) होय. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका व अंदमान येथील उथळ भित्तींवर तो आढळतो. शरीर निळे, तोंड काळे, गळा पांढरा व पृष्ठपक्ष पिवळा असतो. लाटा फुटतात तेथील ऑक्सिजनयुक्त पाण्यात तो दिवसभर पोहत शैवल खरडून खातो. टाकीत त्याचे जे हाल होतात त्यांचे मूळ बहुधा या सवयीच्या विस्मरणात असते.

टाकीची लांबी सु. १८० सेंमी. तरी असावी व पाण्यास जोरदार प्रवाह असावा. तापमान २४°–२७° से., वि. गु. १·०२३–१·०२५ व पीएच मूल्य ८·१–८·४ ठेवतात. अमोनिया व नायट्राइट मुळीच असता कामा नये. त्यांचे नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू स्थिरावण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. टँग सर्वांत शेवटी सोडतात, कारण हद्दीवर हक्क सांगणारा हा मासा नंतर आलेल्यांवर, विशेषतः स्वजातीयांवर, काट्याने वार करतो. टाकीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणे भारतात गुन्हा आहे. सर्व अश्मप्रवाळांना २००१ पासून वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे.

सुकवलेल्या सागरी शैवलाचे पापुद्रे चिमट्याने टाकीत टांगून ठेवणे हा सर्वांत चांगला आहार होय. लेट्यूसच्या पानांत पोषणमूल्य अल्प असते. पोट खपाटीला जाणे हे उपासमारीचे लक्षण. विकत घेताना हेच प्रथम पाहावे.

या माशाचा खरा शत्रू म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या पक्ष्माभिकायुक्त आदिजीवामुळे तो होतो. हा जीवोपजीवी त्वचेत व कल्ल्यांत ३ ते ७ दिवस वाढतो, मग गळून पडतो व टाकीच्या तळाशी पुटीत शिरून विभागतो. एका पुटीतून शेकडो पिले बाहेर पडू शकतात. बहुतेक पुटी ३ ते २८ दिवसांत फुटतात. परंतु काहींना ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले की मासा बरा झाला असे पाळणारे समजतात, तेव्हा दुसरी, अधिक मोठी लाट तळाशी तयार होत असते. ती कल्ल्यांवर पोहोचली की मासा धापा टाकतो व थोड्याच दिवसांत मरतो.

उपाय म्हणून माशास रिकाम्या तळाच्या वेगळ्या टाकीत ठेवून दर लिटरला ०·१५–०·२० मिग्रॅ. या प्रमाणात तांबे निदान तीन आठवडे राखतात व रोज मोजतात. मात्रा कमी पडल्यास जीवोपजीवी वाचतो, वाढल्यास मासा जातो. चुनखडीयुक्त खडक तांबे शोषून घेतात व प्रवाळ आणि इतर अपृष्ठवंशी प्राणी त्याने मरतात, म्हणून मुख्य टाकीत ते कधीही घालत नाहीत. ती टाकी सु. अडीच महिने माशांविना ठेवली की तेथील रोग आश्रयाअभावी संपतो. नवा मासा आधीच ४ ते ६ आठवडे वेगळा ठेवल्यास हा सारा खटाटोप बहुधा टळतो.

टँगचे डिंभ पारदर्शक व अतिसूक्ष्म तोंडाचे असून दीर्घकाळ खुल्या समुद्रात तरंगत वाढतात. त्यामुळे बंदिस्त पैदास फार काळ साधली नव्हती. पिवळा टँग २०१५ मध्ये हवाईतील ओशियानिक इन्स्टिट्यूटमध्ये व निळा टँग (पॅराकँथ्युरस हेपॅटस) २०१६ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रथम वाढविण्यात आला. फिकट निळा टँग मात्र अद्याप बहुतांशी समुद्रातूनच पकडून आणतात.