एकस्वाचे नूतनीकरण व नोंदी

एकस्वाचे नूतनीकरण व नोंदी : पेटंट म्हणजेच एकस्व मंजूर झाल्यानंतर ठराविक शुल्क मुदतीत भरून ते अंमलात ठेवणे आणि त्याच्या मालकीसंबंधीचे व वापरासंबंधीचे फेरफार शासकीय दप्तरी वेळच्या वेळी नोंदविणे. एकस्व हा एकदा मिळाला की आपोआप टिकणारा अधिकार नव्हे. धारकाने शुल्क भरले नाही, तर तो मुदतीपूर्वीच संपुष्टात येतो व शोध सर्वांना खुला होतो. ज्या शोधाचा धारकाला उपयोग उरला नाही, तो समाजाला लवकर मिळावा, हे या व्यवस्थेमागील तत्त्व होय. म्हणूनच शुल्काचे दर वर्षागणिक चढते ठेवलेले असतात.

इतिहास : भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. पुढे १९११ च्या एकस्व व अभिकल्प अधिनियमाने या विषयाची व्यवस्था लावली. त्याची जागा एकस्व अधिनियम, १९७० ने घेतली व तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. या अधिनियमाखाली एकस्वाची मुदत सर्वसाधारणपणे चौदा वर्षे होती. अन्न व औषधे यांच्या प्रक्रियांना ती त्याहून कमी होती. २००२ च्या सुधारणेने, २० मे २००३ पासून, ती सरसकट वीस वर्षे झाली. या मुदतीची गणना एकस्व मंजूर झाल्याच्या दिवसापासून नव्हे, तर अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून होते. त्यामुळे छाननीत गेलेला काळ धारकाच्या हिश्शातूनच वजा होतो.

शुल्क व मुदत : पहिल्या दोन वर्षांसाठी नूतनीकरण शुल्क नसते. तिसऱ्या वर्षाचे शुल्क दुसरे वर्ष संपण्यापूर्वी भरावे लागते व पुढे दर वर्षी हाच क्रम चालतो. मंजुरीलाच दोन वर्षांहून अधिक काळ लागला असेल, तर साचलेले सर्व शुल्क एकस्वाची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावयाचे असते. नेहमीची मुदत चुकल्यास जादा शुल्क देऊन सहा महिन्यांपर्यंत वाढ मिळू शकते. संगणकीय पद्धतीने भरणा केल्यास व्यक्ती, नवउद्यम व लघुउद्योग यांना तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यापर्यंत २,४०० रुपये, अकराव्या ते पंधराव्यापर्यंत ४,८०० रुपये व सोळाव्या ते विसाव्यापर्यंत ८,००० रुपये द्यावे लागतात. म्हणजे पूर्ण मुदतीचा खर्च ७६,८०० रुपये होतो. मोठ्या उद्योगांना याच्या पाचपट दर लागू आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार किमान चार वर्षांचे शुल्क संगणकीय पद्धतीने आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट मिळते. मूळ एकस्व चालू असेतोवर त्याला जोडून घेतलेल्या पुरवणी एकस्वास वेगळे नूतनीकरण शुल्क नसते.

पुनःस्थापन : शुल्काअभावी संपुष्टात आलेले एकस्व, संपुष्टात आल्यापासून अठरा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास, पुन्हा जिवंत करता येते. शुल्क चुकणे हेतुपुरस्सर नव्हते व अर्ज करण्यात अकारण विलंब झालेला नाही, अशी नियंत्रकाची खात्री पटावी लागते. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांत कोणासही विरोध करता येतो. मात्र पुनःस्थापनेने गेलेला काळ परत मिळत नाही. एकस्व बंद पडल्यापासून अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत झालेल्या वापराबद्दल दावा लावता येत नाही. त्या काळात विश्वासाने उत्पादन सुरू करणाऱ्यास संरक्षण मिळते. भोसरीतील एखाद्या सुट्या भागांच्या कारखानदाराने आठव्या वर्षाचे २,४०० रुपये भरण्याचे विसरावे आणि शेजारच्या गाळ्यात तोच भाग उघडपणे तयार होऊ लागावा, असा या नियमांचा व्यावहारिक अर्थ आहे.

नोंदवही : एकस्वांची नोंदवही नियंत्रकाच्या ताब्यात असते व ती जनतेला पाहण्यास खुली असते. तीत धारकाचे नाव व पत्ता, नूतनीकरण, तसेच हस्तांतरण, गहाण, अनुज्ञप्ती व वारसा यांच्या नोंदी असतात. हस्तांतरण लेखी असल्याशिवाय वैध ठरत नाही. नोंदवहीत न चढविलेला दस्तऐवज, न्यायालयाने किंवा नियंत्रकाने सकारण अनुमती दिल्याखेरीज, मालकीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. सहधारक असल्यास कोणाही एकास इतरांच्या संमतीवाचून आपला हिस्सा विकता येत नाही की अनुज्ञप्ती देता येत नाही. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी या कामाचे कार्यालय मुंबई येथे आहे. शुल्काच्या मुदतीची आठवण ठेवण्याची जबाबदारी धारकावरच असते. पत्ता बदलूनही तो कळविला नाही, तर कार्यालयाच्या सूचना जुन्या पत्त्यावर जातात.

नाव तेच राहून मालक बदलल्यास ही खबरदारी विशेष महत्त्वाची ठरते. पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या बजाज ऑटो या कंपनीचे २००७-०८ मध्ये विभाजन झाले. वाहन-व्यवसाय एका नव्या कंपनीकडे गेला व तिने बजाज ऑटो हेच नाव धारण केले. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने राहिली. व्यवहारात काही बदलले नाही असे वाटले, तरी कायद्याच्या दृष्टीने अशा वेळी धारक बदललेला असतो व तशी नोंद करून घ्यावी लागते.

बजाज-टीव्हीएस वाद : चालू स्थितीतील एकस्वाचे मोल किती, हे याच कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. लहान आकाराच्या सिलिंडरमध्ये दोन ठिणगी-प्लग वापरणाऱ्या चार धावी एंजिनासाठी तिने १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला. त्यावर ७ जुलै २००५ रोजी एकस्व क्र. १९५९०४ मंजूर झाले. मंजुरीपूर्वीच मुदतीतील जवळजवळ तीन वर्षे सरली होती. वीस वर्षांची पूर्ण मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. २००७ मध्ये टीव्हीएस मोटरच्या ‘फ्लेम’ या मोटारसायकलीवरून चेन्नईत वाद उभा राहिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम दिला, तो खंडपीठाने मे २००९ मध्ये उठविला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्रीस मुभा देऊन दावा त्वरेने निकालात काढण्यास सांगितले. उभय पक्षांत २०१९ मध्ये तडजोड झाली. अशा दीर्घ वादात शुल्काचा एक हप्ता चुकणेही महाग पडते, कारण मुदत उलटून गेल्यानंतर व ती वाढवून मिळण्यापूर्वी झालेल्या उल्लंघनाची भरपाई न्यायालय नाकारू शकते.

वापराचे विवरण : एकस्वाचा भारतात प्रत्यक्ष वापर होत आहे किंवा नाही, याचे विवरण धारकाने व अनुज्ञप्तिधारकाने द्यावयाचे असते. पूर्वी ते दरवर्षी द्यावे लागे. मार्च २०२४ पासून ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा, त्यानंतरच्या सहा महिन्यांत द्यावे लागते. ते न दिल्यास दंड होतो. शिवाय शोध वापराविना पडून असल्यास मंजुरीपासून तीन वर्षांनंतर इतरांना सक्तीची अनुज्ञप्ती मागता येते. मुंबई येथे मार्च २०१२ मध्ये बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीस भारतातील पहिली अशी अनुज्ञप्ती देण्यात आली, तेव्हा धारकाच्या विवरणांतील आकडेच विचारात घेतले गेले.

महत्त्व : पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात मोठ्या वाहन-कारखान्यांभोवती असंख्य लहान पुरवठादार आहेत. मोठ्या कारखान्यांना या कामासाठी स्वतंत्र विभाग व जाणकार अभिकर्ते ठेवणे परवडते. लहान कारखानदाराचा शोध मात्र बहुधा एका माणसाच्या स्मरणावर व एका फायलीवर अवलंबून असतो. अर्जाची तारीख, पुढील शुल्काचा दिवस, विवरणाचे वर्ष व धारकाचा चालू पत्ता या चार गोष्टींची नोंद त्याने ठेवली, तर वीस वर्षांचा अधिकार वीस वर्षे टिकतो. त्याचबरोबर खुली नोंदवही पाहण्याची सवयही त्याला उपयोगी पडते, कारण इतरांची कोणती एकस्वे संपुष्टात आली व कोणते तंत्र आता मोकळेपणाने वापरता येईल, याचा प्राथमिक सुगावा तेथेच लागतो.