ताटातील मुलूख : दुबईचे वार्तापत्र

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुत्याहून येणाऱ्या पत्रांत आणि दूरध्वनीवरील बोलण्यात दुबईविषयी जे प्रश्न येतात ते बहुधा सोन्याचा भाव, उंच इमारती आणि उन्हाळ्यातील काहिली यांच्याभोवती फिरतात. परंतु या नगराचा स्वभाव ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचा असेल त्याने त्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील उंची भोजनगृहांकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे. ज्या भूमीत धान्य जवळजवळ पिकत नाही, पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचा क्षार काढून मिळवावे लागते, त्या भूमीत जगातील नामवंत आचाऱ्यांनी येऊन आपल्या चुली मांडाव्यात, हे कसे घडले ते समजून घेण्याजोगे आहे.

त्याचा आरंभ जकातीपासून झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दुबईचे तत्कालीन शेख मक्तूम बिन हशर यांनी बंदरातील जकात माफ केली, आणि समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगे बंदरात जकातीने गांजलेले व्यापारी आपल्या पेढ्या उचलून इकडे आले. त्या काळी येथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, मुंबईहून तांदूळ, कापड आणि मसाले येत, आणि व्यवहार आपल्याच रुपयांत होत. तो रुपया येथे इतका रुजला होता की 1959 मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी निराळ्या नोटा काढल्या आणि त्या दुबईत 1966 पर्यंत चालल्या. जपानच्या संवर्धित मोत्यांनी व जागतिक मंदीने 1930 नंतर मोत्यांचा धंदा बुडवला, तरी या नगराने बंदराचा वसा टाकला नाही. दुबईचे नंतरचे शेख रशीद यांनी कर्ज काढून खाडीतील गाळ उपसला, 1966 मध्ये तेल सापडले तेव्हा त्याचा पैसा बंदरांत घातला. 1979 मध्ये जेबेल अली बंदर सुरू झाले, 1985 मध्ये त्याच्या शेजारी मुक्त व्यापार क्षेत्र आणि त्याच वर्षी एमिरेट्स ही विमानसेवा निघाली. जपानचा मासा, फ्रान्सचे लोणी, इराणचे केशर आणि आपल्याकडचे डाळिंब आज एकाच सकाळी एकाच भटारखान्यात उतरते, ते या धोरणाचे फळ आहे.

किनाऱ्याचाही मोठा भाग मनुष्याने घडवलेला आहे. खजुरीच्या आकाराचे ‘पाम जुमेरा’ हे बेट 2001 पासून समुद्रतळाची वाळू उपसून रचले गेले. शिडाच्या आकाराचे ‘बुर्ज अल अरब’ हे हॉटेल त्याआधी, 1999 च्या डिसेंबरात, अशाच एका कृत्रिम बेटावर उघडले. उत्तम भोजनगृहे येथे बहुतकरून अशा हॉटेलांच्या पोटात असतात, आणि त्याचे कारण परवान्यात आहे: मद्यविक्रीची परवानगी दीर्घकाळ मुख्यत्वे हॉटेलांनाच मिळत आली, आणि युरोपीय पद्धतीच्या लांबलचक भोजनाचा हिशेब मद्याच्या विक्रीवाचून सहसा जुळत नाही. त्यामुळे पॅरिस वा रोम येथील एखादा विख्यात आचारी आपले नाव व आपली पाकपद्धती हॉटेलास देतो, वर्षातून काही वेळा येऊन देखरेख करतो, आणि रोजचे काम त्याचे शागीर्द चालवतात. येथील फ्रेंच व इटालियन नामांकित स्थळे प्रायः या प्रकारची आहेत. ती उत्कृष्ट आहेत, पण तशीच ती अन्यत्रही आढळतील, म्हणून त्यांच्यावर मी फार शाई खर्च करीत नाही.

अशा भोजनगृहांची प्रतवारी करणारे जे ‘मिशेलँ’ नावाचे पुस्तक आहे, ते मुळात फ्रान्समधील मोटारींच्या टायरच्या कारखानदारांनी 1900 मध्ये प्रवाशांसाठी काढले; 1926 पासून त्यात उत्तम भोजनगृहांपुढे तारका छापू लागले. एक तारका म्हणजे वाटेत थांबून जेवावे, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे, आणि तीन म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवासाला निघावे. परीक्षक नाव न सांगता येतात, आपले बिल चुकते करतात, आणि जिन्नसांचा कस, पाकक्रियेवरील हुकमत, चवींचा मेळ, आचाऱ्याची स्वतःची दृष्टी आणि दरवेळी तोच दर्जा राखण्याची क्षमता एवढ्याच गोष्टी पाहतात, असा त्यांचा शिरस्ता आहे. दुबईसाठी हे पुस्तक 2022 मध्ये प्रथम निघाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाम जुमेरावरील एका इमारतीच्या गच्चीवर ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ नावाचे, जेमतेम वीस माणसे बसतील एवढे, भारतीय भोजनगृह आहे. त्याचे प्रमुख आचारी हिमांशू सैनी हे दिल्लीचे. या स्थळास 2022 मध्ये एक, 2023 मध्ये दोन आणि 2025 च्या मे महिन्यात तीन तारका मिळाल्या, आणि तीन तारकांचे हे जगातील पहिले भारतीय भोजनगृह ठरले. लंडनमधील दोन भारतीय भोजनगृहांना पहिली तारका 2001 मध्ये लाभली होती, आणि त्यांतील एकाचे आचारी विनीत भाटिया हे मुंबईचे. म्हणजे पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचण्यास आपल्या अन्नाला जवळजवळ पाव शतक लागले, आणि ही शेवटची पायरी दिल्लीत वा मुंबईत नव्हे, तर ज्या वाळवंटात कधी आपला रुपया चालत असे तेथे चढली गेली. मला या बातमीचा मनापासून अभिमान वाटला, आणि त्याचबरोबर हे कशामुळे साधले याचा शोध घ्यावासा वाटला.

परदेशातील भारतीय खाणावळ म्हणजे स्वस्त, भरपूर आणि सर्वत्र एकाच लाल रश्शाची, अशी जी समजूत पिढ्यान्‌पिढ्या दृढ झाली होती, तिला येथे छेद दिला गेला तो भूगोलाच्या आधाराने. सैनी यांनी आपल्या भोजनाचा क्रम थरचे वाळवंट, दख्खनचे पठार, किनारपट्टी आणि हिमालयाकडील उत्तर भाग अशा मुलखांनुसार लावला. पाहुण्यापुढे एकेक घास येतो, आणि तो कोणत्या मातीचा, तेथे पाऊस किती, लोक अन्न कसे टिकवतात, हे त्या घासाबरोबर त्याला कळते. त्यांच्याच मूळ ‘ट्रेसिंड’ या थोरल्या भोजनगृहात भारताच्या नकाशावर प्रांतोप्रांतीचे जिन्नस मांडून, ते पाहुण्यासमोर एकाच भांड्यात कालवून खिचडी करण्याचा प्रघात त्यांनी पाडला होता. खिचडी हे आजाऱ्याचे, गरिबाचे आणि रात्रीच्या घाईचे अन्न; तेच त्यांनी मेजवानीच्या मध्यभागी आणले, आणि मखमली खुर्च्यांवर बसलेल्या देशोदेशींच्या लोकांनी ते आदराने खाल्ले. एका माणसाच्या भोजनास हजाराच्या आसपास दिऱ्हम, म्हणजे आपले वीस-पंचवीस हजार रुपये पडतात, ही रक्कम आपल्याकडील शेतमजुराच्या कुटुंबाला कित्येक आठवडे पुरेल, आणि हे वैषम्य माझ्या मनाला टोचते. तथापि जे कष्ट, जी कारागिरी आणि जी बुद्धी त्या घासामागे असते ती खरी आहे, हेही मी तितक्याच निश्चयाने सांगतो.

या दख्खनच्या पठारात आपला माणदेश आणि माळशिरस तालुकाही येतो. हुलग्याचे माडगे, बाजरीची भाकरी, उखळात कुटलेली शेंगांची चटणी, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा हुरडा, येसराची आमटी: हे सारे अन्न अवर्षणाने शिकवलेल्या शहाणपणाचे आहे. थोड्या पाण्यात येणारे पीक, थोड्या सरपणावर शिजणारा पदार्थ आणि महिनोन्‌महिने टिकणारा मसाला, यांच्या मेळातून ते सिद्ध झाले. परीक्षक ज्याला आचाऱ्याची दृष्टी म्हणतात ती आपल्या आजी-पणजींच्या हातात होती. तिला नाव देऊन जगापुढे मांडणारा कोणी त्या वेळी निघाला नाही एवढेच.

नावाचा हा प्रश्न मला येथे प्रत्यक्ष दिसला. किनाऱ्यावरील एका नामांकित भोजनगृहाच्या भटारखान्यात, ओळखीमुळे, दुपारच्या वेळी जाण्याचा योग आला. पोलादी मेजावर एक तरुण डाळिंब सोलत बसला होता. तो प्रथम देठाकडची टोपी कापून काढी, मग फळाच्या शिरांवरून सुरीने पाच-सहा हलक्या चिरा देई, फळ हाताने उमलवी आणि दाणे बर्फाच्या पाण्यात सोडी. पांढरा पापुद्रा तरंगून वर येई, मग चिमट्याने एकेक दाणा पाहून जो किंचितही फिकट वा दबलेला असेल तो बाजूस टाकी. दाणे गडद भगवे-लाल होते. तो मुलगा निघाला आपल्याच सोलापूर जिल्ह्याचा, आणि फळ भगवा जातीचे, जे सांगोला-पंढरपूरकडे घरोघरी परिचित आहे. परंतु पेटीवर देशाचे नाव आणि पॅकहाऊसचा नोंदणी क्रमांक याहून अधिक काही नव्हते. आणि रात्री पाहुण्यांच्या हाती पडणाऱ्या पत्रिकेत केशर इराणचे, लोणी फ्रान्सचे, शिंपला जपानच्या होक्काइडो बेटाचा असे प्रत्येकाचे मूळ गाव छापलेले, तर डाळिंब नुसतेच डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबास आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कायद्याने ती नावे आपली आहेत. भारत व संयुक्त अरब अमिरात यांच्यातील व्यापार करार 1 मे 2022 पासून अमलात असल्यामुळे मालाची ये-जाही पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. अशा वेळी बागाईतदारांच्या संघांनी व निर्यातदारांनी पेटीवर, आणि शक्य तर फळावरील चिकटपट्टीवरही, जिल्ह्याचे नाव घालण्याचा आग्रह धरावा. फ्रेंच लोणी गोठ्यातून थेट कीर्तिमान होऊन आलेले नाही. त्याच्या गावाचे नाव लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हट्टाने लावले म्हणून ते आज मानाने उच्चारले जाते.

वारकरी वाचकांसाठी आणखी एक वार्ता: ‘अवतारा’ नावाच्या येथील संपूर्ण शाकाहारी भारतीय भोजनगृहास 2023 मध्ये एक तारका मिळाली. मांसावाचून उंची भोजन होत नाही हा युरोपीय मुदपाकखान्याचा जुना सिद्धान्त होता, तो दुधी, फणस आणि कंदमुळांनी खोडून काढला. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामी असते तेव्हा गावच्या चुली अहोरात्र पेटलेल्या असतात आणि हजारो पंगती उठतात, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले त्यांना शाकाहाराच्या थोरवीची खात्री पटवण्याची गरज नाही. पण जगाच्या पुस्तकात ती नोंदली गेली, याचे समाधान त्यांनाही वाटेल.

एका उणिवेकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे. अलेप्पोच्या तीन सीरियन भावांचे ‘ऑर्फली ब्रदर्स’ गाजते, भारतीय गाजते, स्वीडिश आचाऱ्याचे ‘एफझेडएन’ तीन तारका मिळवते. पण अमिरातींचे स्वतःचे अन्न, म्हणजे वाळवलेल्या लिंबाच्या वासाचा, मांसाचा वा मासळीचा भात मचबूस, गहू आणि मांस तासन्‌तास घोटून केलेले हरीस, आपल्या गुलगुल्यांच्या जवळचे लुकैमात, हे या झगमगत्या किनाऱ्यावर क्वचितच मानाच्या जागी दिसते. रमजानात घरगुती इफ्तारच्या ताटावर ते भेटते, आणि तेव्हा त्याची खोली कळते. 2023 मध्ये युनेस्कोने हरीसची दखल घेतली आहे. पुढची पिढी ते वर आणील अशी चिन्हे आहेत.

शेवटी तालुक्यातील त्या तरुणांसाठी, जे पाककलेचे प्रमाणपत्र घेऊन इकडे येऊ पाहतात. येथील मोठ्या भटारखान्यांत शिस्त कडक आणि दिवस लांब असतात, पण तीन-चार वर्षांत माणूस जे शिकतो ते अन्यत्र मिळणे कठीण. म्हणून यावे, मात्र कागदपत्रे पारखून यावे. दलाल भारत सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी पाहावे; आपल्या सरकारने त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये व त्यावरील कर एवढी ठरवली आहे, त्याहून अधिक मागणाऱ्यास नकार द्यावा. भरती व व्हिसाचा खर्च येथील कायद्याने मालकाने सोसावयाचा असतो, तो पगारातून कापू देऊ नये. पर्यटकाच्या व्हिसावर येऊन काम धरणे हा गुन्हा आहे. नोकरीचे देकारपत्र येथील मंत्रालयाच्या नमुन्यात अरबी व इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकते. ते शब्दन्‌शब्द वाचल्यावाचून सही करू नये आणि त्याची एक प्रत घरी ठेवून यावी. दहावी न झालेल्यांस मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कचेरीची मंजुरी लागते. आणि पारपत्र मालकाच्या ताब्यात देऊ नये. ते अडकवून ठेवण्याचा अधिकार येथे कोणत्याही मालकास नाही.