गोरेट्झकासारखी बॉडी, तीही दोन महिन्यांत?

तो फोटो आठवतोय? मे २०२०. आपण घरात बसून डाल्गोना कॉफी फेटत होतो आणि तिकडे जर्मनीत रिकाम्या स्टेडियममध्ये बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली होती. बायर्न म्युनिकचा मिडफिल्डर लिऑन गोरेट्झका मैदानात आला आणि इंटरनेट हललं. मार्चमध्ये लीग थांबली तेव्हा सडपातळ दिसणारा हा सहा फुटांहून उंच गडी, आता जर्सीच्या बाह्या फाटतील की काय असा दिसत होता. 'बिफोर-आफ्टर' फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धो धो फिरले.

मी तेव्हा अकरावीत. तो फोटो थेट वॉलपेपरला लावला आणि तांदळाची दहा किलोची पिशवी उचलायला सुरुवात केली. आई ओरडायची, "तांदूळ जागेवर ठेव आधी!" दोन महिन्यांनी आरशात बघितलं, तर तोच काडीपैलवान.

मग त्याला कसं जमलं? त्यानं शून्यापासून सुरुवात केलीच नव्हती. तो तेव्हा २५ वर्षांचा होता आणि अंगात कित्येक वर्षांचा व्यायाम मुरलेला होता. सीझन चालू असताना मिडफिल्डर एका मॅचमध्ये दहा-अकरा किलोमीटर धावतो. दर तीन-चार दिवसांनी मॅच असली की शरीर फक्त सावरत राहतं, जड वजनं उचलायला सवडच नसते. लॉकडाऊनमध्ये मॅचेस, प्रवास सगळं बंद झालं. बायर्नचे खेळाडू घरूनच, फिटनेस प्रमुख होल्गर ब्रॉइश यांच्या टीमसोबत व्हिडिओ कॉलवर ट्रेनिंग करत होते. व्यायाम, जेवण, झोप या तिन्हींना एकदम वेळ मिळाला, की असं शरीर पटकन भरतं. आणि नव्यानं ताणलेले, घामानं चमकणारे स्नायू फोटोत आणखी मोठे दिसतात, हेही विसरू नका!

शिवाय त्याला ही ताकद मिरवायची नव्हती, वापरायची होती. त्याच ऑगस्टमध्ये लिस्बनला बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ धुतलं आणि फायनलमध्ये पीएसजीला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. दोन्ही मॅचेसमध्ये गोरेट्झका पहिल्या अकरात होता. नुसतं वजन वाढवलं असतं, तर नव्वद मिनिटं ते ओझं त्यालाच वाहावं लागलं असतं.

हे सगळं मला खूप उशिरा कळलं. कॉलेजमध्ये असताना जिमच्या ट्रेनरला मी तोच फोटो दाखवला. तो हसला. "आठ आठवड्यांचा कोर्स मार, असाच दिसशील." कोर्स म्हणजे इंजेक्शन. खरं सांगू? मी नाही म्हटलं नाही. मी किंमत विचारली. परवडली नाही, म्हणून वाचलो.

अशा स्टेरॉइड्समुळे शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, हृदयावर ताण येतो, लिव्हर बिघडू शकतं. प्रोफेशनल खेळाडूंना ती घ्यायला बंदी आहे, त्यांची डोप टेस्ट होते. आपली टेस्ट कोण करतंय? म्हणून तर आपल्याला ती इतक्या सहज विकली जातात.

मग करायचं काय? पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दिसत काहीच नाही, कारण मेंदू आणि नसा आधी शिकतात, स्नायू नंतर भरतात. नेमके याच टप्प्यावर आपण कंटाळतो. तिथे थांबू नका. दर आठवड्याला थोडं वजन वाढवा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रोटीन पुरतं. अंडी, डाळ, पनीर, सोयाबीन आहेतच. आणि रात्री दोनपर्यंत रील्स बघणं बंद! स्नायू भरतात ते विश्रांतीतच.

वॉलपेपर मी कधीच बदललाय. दंड आता जरा भरलेत, पण त्याला तीन वर्षं लागली. तांदळाची पिशवी मात्र सुटलेली नाही. ती दुकानातून तिसऱ्या मजल्यावर आणायचं काम आईनं कायमचं माझ्याकडे दिलंय.